रानातलं विषारी फळ चुकून खाल्लं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फळांच्या विषबाधेत सर्वाधिक सापडतात ती मुलं. त्यांची उत्सुकता आणि भूक त्यांना झाडापाशी नेते, आणि विषारी फळं दिसायला साधी, कधी कधी चवीलाही चांगली असतात. वेळेवर आणि योग्य मदत मिळाली तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. खालची उत्तरं पालक, शिक्षक आणि रानावनात फिरणाऱ्या प्रत्येकासाठी आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाहीत. कुणी आत्ता, या घडीला काही खाल्लं असेल तर पहिलं उत्तर वाचा आणि फोन उचला.

मुलाने अनोळखी फळ खाल्लंय. आत्ता काय करू?

तोंडात काही उरलं असेल तर थुंकायला लावा, लहान मूल असेल तर बोटाने हलकेच बाहेर काढा. चूळ भरू द्या. हात आणि ओठ साबणाने धुवा. घड्याळात बघा आणि फळ साधारण किती वाजता खाल्लं ते लिहून ठेवा. उरलेलं फळ फेकू नका. मग डॉक्टरांना किंवा विषबाधा माहिती केंद्राला फोन करा.

मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील, श्वास घ्यायला त्रास होत असेल, असंबद्ध बडबडत असेल किंवा अंग ताठ होत असेल तर फोनवर सल्ला विचारत वेळ घालवू नका. थेट रुग्णवाहिका बोलवा. बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्या माणसाला कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. अशा माणसाच्या तोंडात पाणीसुद्धा घालू नका.

उलटी करवायची का?

नाही. घशात बोट घालून नाही आणि मिठाचं पाणी पाजूनही नाही.

हा सल्ला अनेकांना पटत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या उलटंच ऐकलेलं असतं. पण ओढून काढलेल्या उलटीने पोटातलं सगळं विष बाहेर पडत नाही, आणि मूल गुंगीत असेल तर उलटी फुप्फुसात जाऊन नवंच संकट उभं राहतं. मिठाचं पाणी तर स्वतःच घातक आहे. त्याने लहान मुलाच्या रक्तातलं सोडियम इतकं वाढू शकतं की जिवावर बेततं. पूर्वी घरोघरी उलटीसाठी इपिकॅक नावाचं सिरप ठेवायचा सल्ला दिला जाई. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ साली तो सल्ला मागे घेतला आणि घरी इपिकॅक वापरू नका असं स्पष्ट सांगितलं. आपोआप उलटी होत असेल तर होऊ द्या, डोकं एका बाजूला वळवा आणि उलटीत बिया किंवा साली दिसतात का ते बघा.

दूध, तूप, कच्चं अंडं, कोळशाची पूड यांतलं काही द्यावं का?

यातलं काहीच या विषांवर उतारा नाही. तोंडाची आग होत असेल आणि मूल पूर्ण शुद्धीत असेल तर घोटभर पाणी चालेल. दवाखान्यात वापरतात तो सक्रिय कोळसा आणि चुलीतला कोळसा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. चुलीतला कोळसा विष धरून ठेवत नाही. त्याने फक्त तोंड काळं होतं आणि ठसका लागतो.

खाऊन दोन तास झाले, मूल छान खेळतंय. थांबून बघू का?

या विषयातला सगळ्यात धोक्याचा गैरसमज हाच आहे. त्रास दिसत नाही म्हणजे विष नाही, असं होत नाही. प्रत्येक विषाचं वेळापत्रक वेगळं असतं.

काजऱ्याच्या बियांतलं स्ट्रिक्निन नावाचं विष पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासात अंगाला पीळ घालू लागतं. धोतरा साधारण अर्धा ते एक तास घेतो. चंद्रज्योतीच्या बिया खाल्लेली मुलं बऱ्याचदा तासा-दोन तासांत उलट्या करू लागतात. पण एरंडाच्या बियांचा त्रास काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी सुरू होतो. चावलेली गुंज तर कधी कधी एक-दोन दिवस शांत बसते. पिवळ्या कण्हेरीचं सर्वांत फसवं: आधी थोड्या उलट्या होतात, त्या थांबतात, घरच्यांना वाटतं निभावलं, आणि नंतर हृदयाची लय बिघडते.

म्हणून त्रास सुरू होण्याची वाट बघू नका. विष पोटातून रक्तात उतरायच्या आधीचा वेळ उपचारासाठी सर्वांत मोलाचा असतो, आणि नेमका तोच वेळ मूल हसतंय-खेळतंय या समाधानात निघून जातो.

कोणत्या फळांनी असं होतं?

यादी लांब आहे. पुन्हा पुन्हा आढळणारी काही झाडं इथे घेतो.

चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड किंवा जट्रोफा. मूळची मध्य अमेरिकेची, पण कुंपणाला लावतात म्हणून उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरलेली. हिरवं फळ पिवळं पडतं, मग काळपट होऊन वाळतं. आत सहसा तीन काळ्या लांबट बिया असतात. पातळ टरफल दातानेही फुटतं, आत पांढरा गर निघतो आणि तो शेंगदाण्यासारखा लागतो. मुलं फसतात ती इथेच. एकाने खाल्लं, चांगलं लागलं, की अख्खा घोळका खातो. त्यामुळे या झाडाची विषबाधा एकेकट्या मुलाला क्वचितच होते, एका वेळी दहा-वीस मुलं दवाखान्यात येतात. घशात जळजळ, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. बियांतली फॉर्बोल एस्टर नावाची रसायनं आणि कर्सिन नावाचं प्रथिन आतड्याला डागतात. शरीरातलं पाणी कमी होणं हा मुख्य धोका. सलाईन वेळेवर मिळालं तर बहुतेक मुलं एक-दोन दिवसांत सावरतात.

एरंड आणि गुंज यांच्या विषांची जात जवळची आहे. एरंडात रायसिन, गुंजेत अॅब्रिन. दोन्ही पेशींतली प्रथिनं बनवण्याची क्रिया बंद पाडतात, आणि दोन्हींवर उतारा नाही. एरंडेल तेलात मात्र रायसिन राहत नाही, कारण ते तेलात विरघळत नाही आणि तेल काढताना दिलेल्या उष्णतेने निकामी होतं.

धोतऱ्याचं फळ काटेरी. आतल्या चपट्या बारीक बिया मुलं खेळता खेळता चघळतात. तोंडाला कोरड, लाल झालेला गरम चेहरा, मोठ्या झालेल्या बाहुल्या, धडधड, लघवी अडणं, आणि मग भ्रम. मूल हवेतून काहीतरी वेचत राहतं, नसलेल्या माणसांशी बोलतं. घरच्यांना हे बाहेरची बाधा झाल्यासारखं वाटू शकतं. असं अचानक झालं, तर आधी बाहुल्या बघा आणि काय खाल्लं ते विचारा. भ्रम साधारण एक-दोन दिवसांत ओसरतो, बाहुल्या मात्र त्यानंतरही काही दिवस मोठ्या राहू शकतात.

पिवळी कण्हेर किंवा बिट्टी. पिवळ्या घंटेसारखी फुलं, कापल्यावर पांढरा चीक, हिरवं कोनदार फळ आणि आत कठीण बाठा. या बाठ्यातलं विष हृदयावर जातं: नाडी मंदावते, ठोके चुकतात, रक्तातलं पोटॅशियम वाढतं. या यादीत मला सर्वांत जास्त भीती याच झाडाची वाटते, कारण ते शोभेचं म्हणून बागेत आणि रस्त्याकडेला सर्रास लावलेलं असतं आणि बाठा मुलं खेळायला घेतात.

काजरा किंवा कुचला. नारिंगी, गोल, मोहात पाडणारं फळ. आतल्या गोल चपट्या बियांत स्ट्रिक्निन असतं. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो आणि तरी अंग धनुष्यासारखं ताठतं. आवाज, उजेड, साधा स्पर्श झाला तरी नवा झटका येतो. अशा रुग्णाभोवती गर्दी करू नका, हलवाहलव कमीत कमी ठेवा आणि गाडीतही शांतता राखा.

यांखेरीज बकाण्याची पिवळी फळं, कडू बदाम आणि जर्दाळूच्या कडू बिया (यांतून पोटात सायनाइड तयार होतं), समुद्रकाठच्या सर्बेरा ओडोलम या झाडाची आंब्यासारखी दिसणारी फळं, आणि थंड प्रदेशातल्या बेलाडोनाची चकचकीत काळी फळं. बेलाडोना आणि धोतरा यांची लक्षणं जवळपास सारखीच.

एकच बी खाल्लीय. तेवढ्याने काय होणार?

ते बी कोणती, चावली की गिळली आणि खाणारा केवढा, यावर ठरतं. गुंजेचं आणि एरंडाचं कवच टणक असतं. अख्खी गिळलेली बी कित्येकदा तशीच शौचावाटे बाहेर पडते. तीच चावून बारीक केली तर आतलं विष मोकळं होतं. माळेतल्या गुंजेला भोक पाडलेलं असतं, म्हणजे कवच आधीच फुटलेलं, त्यामुळे माळेतली गुंज गिळली तर ती चावल्याइतकीच गंभीर समजा.

मुलाने "गिळली" म्हटलं तरी त्यावर विसंबून घरी बसू नका. लहान मुलाला चावणं आणि गिळणं यांतला फरक नेमका आठवत नाही. एका बीवरही फोन करा, निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

पक्षी आणि माकडं तीच फळं खातात. मग माणसाला का चालत नाही?

काजऱ्याची फळं धनेश पक्षी आवडीने खातो. पक्षी गर पचवतो आणि बी न फोडता टाकतो, आपण दाताने फोडतो. काही प्राण्यांच्या शरीरातच विष मोडण्याची सोय असते: अनेक सशांच्या रक्तात अॅट्रोपिन हे बेलाडोनातलं विष मोडणारं विकर (एन्झाइम) असतं, त्यामुळे ससा बेलाडोनाची पानं खाऊन मजेत राहतो. प्राण्याने खाल्लं यावरून फक्त इतकंच कळतं की त्या प्राण्याला ते चाललं.

विषारी फळ कडू लागतं ना? पिकलेलं, गोड फळ तर सुरक्षित असेल?

दोन्ही समजुती चूक. चंद्रज्योतीची चव वर सांगितलीच. कॅरिबियन किनाऱ्यावर मॅंचिनील नावाचं झाड आहे. ब्रिटनमधल्या एका रेडिऑलॉजिस्ट बाईंनी टोबॅगोच्या किनाऱ्यावर पडलेलं त्याचं फळ चावलं आणि तो अनुभव २००० साली वैद्यकीय नियतकालिकात लिहिला. फळ आधी छान गोड लागलं, थोड्याच वेळात तोंडात मिरीसारखं झोंबू लागलं आणि मग घसा इतका आवळला की गिळणं अशक्य झालं. त्या वाचल्या. चवीचा निकाल मात्र उशिरा आला होता.

पिकण्याचंही तसंच. काही फळं कच्ची विषारी आणि पिकल्यावर खाण्याजोगी असतात. जमैकाचं राष्ट्रीय फळ अॅकी झाडावर आपोआप उललं की मगच त्याचा गर खातात. न उललेल्या फळातलं हायपोग्लायसिन नावाचं विष रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतं, आणि उकळूनही त्याची खात्री देता येत नाही. बी तर पिकल्यावरही विषारीच. उलट पिवळी कण्हेर किंवा काजरा पिकला म्हणून निवळत नाही. बिब्ब्यात आणखी गंमत आहे: त्याचा नारिंगी मांसल देठ खातात, आणि त्यालाच चिकटलेल्या काळ्या बीतल्या तेलाने कातडी भाजून फोड येतात. एकाच फळाच्या दोन भागांची ही कथा, तर "हे झाड चांगलं" किंवा "हे झाड वाईट" असं ढोबळ सांगून भागणार नाही.

मोबाईलवरच्या अॅपने फळ ओळखलं तर चालेल?

डॉक्टरांना अंदाज द्यायला उपयोग होईल. खायचं की नाही हे ठरवायला अजिबात नाही. कडुनिंबाची लिंबोळी आणि बकाण्याचं फळ फोटोत सहज चकवतात. कामोणी आणि बेलाडोना या दोन्हींची फळं काळी, पण कामोणीची लहान आणि घोसात येतात, बेलाडोनाचं फळ एकेकटं, मोठं, आणि मागे फुलाच्या हिरव्या बाह्य आवरणाची पाच टोकं पसरलेली असतात. जवळून माहिती असलेल्या माणसाला हा फरक दिसतो, अंधूक फोटो बघणाऱ्या अॅपला दिसेलच असं नाही. "आधी थोडंसं चाखून, मग वाट बघून" पाहण्याची जी पद्धत काही ठिकाणी शिकवतात, तीही सोडून द्या. ज्या विषाला दोन दिवस लागतात ते अशा चाचणीतून आरामात सुटतं.

मूल काय खाल्लं ते सांगतच नाही. काय करू?

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे बरंच काही वाचतं किंवा हुकतं. या विषांपैकी बहुतेकांना रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत पकडता येत नाही. डॉक्टरांकडचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे मुलाचं खरं उत्तर. आणि मार बसेल या भीतीने मूल तेच लपवतं.

"खाल्लंस ना? खरं सांग!" असं दरडावलं की मूल "नाही" म्हणतं, किंवा खूश करायला काहीही कबूल करतं. त्याऐवजी शेजारी बसा. आवाज खाली आणा. "मी रागावणार नाही, तू सांगितलंस तर डॉक्टरांना लवकर औषध देता येईल," एवढं म्हणा आणि दिलेला शब्द पाळा. ते फळ कोणत्या झाडाचं होतं, चल दाखव. सोललं होतंस की तसंच खाल्लंस? आत काय रंग होता? किती खाल्लंस हे विचारताना आकडा मागू नका. पाच वर्षांच्या मुलाचा "दहा" म्हणजे खूप, एवढंच असतं. चार खडे त्याच्या समोर ठेवा आणि म्हणा, जेवढं खाल्लंस तेवढे बाजूला काढ. खडे बाजूला काढताना ते पुन्हा मोजतं, आठवतं, बऱ्याचदा सुधारतं.

मग शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: अजून कोण कोण होतं? घोळक्यात एक जण उलट्या करतो, त्याला सगळे घेऊन धावतात, आणि बाकीचे चार घाबरून आपापल्या घरी गप्प बसतात. त्या चार घरांत लगेच फोन करा, मूल बरं दिसत असलं तरी.

दवाखान्यात जाताना बरोबर काय न्यावं?

उरलेलं फळ, बिया, टरफलं, आणि जमलं तर पान व फूल असलेली फांदी, कागदात गुंडाळून. झाडाचे फोटो: पूर्ण झाड, पानाची पुढची-मागची बाजू, फळ अख्खं आणि कापलेलं, शेजारी नाणं ठेवून. फळाला हात लावताना हातात पिशवी घाला. उलटीत तुकडे असतील तर डबीत घ्या. मुलाचं वजन आणि रोजची औषधं सांगा. फांदी शोधायला एका माणसाला मागे ठेवा, मुलाला त्यासाठी थांबवू नका.

डॉक्टर तिथे नेमकं काय करतात? उतारा असतो का?

मोजक्या विषांवरच. बहुतेक वेळा उपचार म्हणजे शरीराला तगवून धरणं: सलाईन, रक्तातली साखर आणि पोटॅशियम सांभाळणं, झटके थांबवणं, श्वासाला आधार देणं, ईसीजीवर सतत लक्ष. फळ खाऊन साधारण तासाभरात पोहोचलात तर सक्रिय कोळसा देता येतो, प्रौढाला ५० ग्रॅम आणि मुलाला वजनाच्या किलोमागे १ ग्रॅम. गुंगीत असलेल्या रुग्णाला तो देत नाहीत. पोट धुणं आता फार क्वचित करतात.

पिवळ्या कण्हेरीचं विष डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधासारखं असतं, म्हणून त्यावर डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडं काम करतात. श्रीलंकेत या झाडाच्या विषबाधेचं प्रमाण मोठं आहे आणि तिथल्याच रुग्णांवर केलेल्या चाचणीत, २००० साली, या प्रतिपिंडांनी हृदयाची लय सुरक्षितपणे पूर्ववत होते असं दिसलं. अडचण किमतीची आणि उपलब्धतेची आहे. धोतऱ्याच्या गंभीर विषबाधेत फायसोस्टिग्मिन हे उताऱ्याचं औषध निवडक रुग्णांना देतात. डॉक्टरांनी मूल बरं दिसत असतानाही रात्रभर ठेवून घ्यायचं म्हटलं तर वाद घालू नका, उशिरा उठणारी विषं आठवा.

खाल्लं नाही, फक्त चीक लागला. तरी जायचं का?

कातडीवर लागला तर साबण-पाण्याने धुवा आणि कपडे बदला. डोळ्यात गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा, मग डॉक्टरांना दाखवा. धोतरा हाताळून डोळा चोळला तर त्या एकाच डोळ्याची बाहुली मोठी होऊन अंधूक दिसतं. हे डॉक्टरांना आधी सांगितलंत तर डोक्याच्या अनावश्यक तपासण्या टळतील.

मोठ्या माणसांनाही अशी विषबाधा होते का?

होते, आणि कारणं वेगळी असतात. ओळखीची रानभाजी समजून वेगळंच झाड तोडणं, घरगुती औषध म्हणून बिया उगाळून घेणं, नव्या प्रदेशात गेल्यावर "आमच्याकडे असंच फळ खातात" या भरवशावर खाणं. तिसरं कारण विशेष धोक्याचं, कारण तिथे माणूस आत्मविश्वासाने खातो.

पाळीव कुत्र्याने किंवा गुरांनी खाल्लं तर?

पशुवैद्याला लगेच फोन करा आणि झाडाचा नमुना दाखवा. घरगुती उपाय इथेही नकोत.

मुलांना काय शिकवावं?

"रानातलं काहीच खायचं नाही" हा नियम कागदावर सोपा आहे, पण ज्या मुलांना चांगली रानफळं ओळखू येतात ती तो पाळणार नाहीत, आणि पाळावा असंही मला वाटत नाही. "मोठ्या ओळखीच्या माणसाला दाखवल्याशिवाय तोंडात घालायचं नाही" हा नियम टिकतो. मुलांना हाताला धरून परिसरातली तीन-चार विषारी झाडं प्रत्यक्ष दाखवा, फळ फोडून आतली बी दाखवा, मग हात धुवायला लावा. चित्रातली चंद्रज्योत आणि कुंपणातली चंद्रज्योत मुलाच्या डोळ्याला एक वाटत नाही.

शाळा आणि अंगणवाडीच्या आवाराला चंद्रज्योतीचं किंवा पिवळ्या कण्हेरीचं कुंपण असेल तर ते काढा. मुलांची समज वाढेपर्यंत थांबायची गरज नाही, झाड हलवणं मुलाचा स्वभाव बदलण्याहून कितीतरी सोपं आहे. आणि जेवणाच्या सुट्टीत मुलं भुकेली राहत असतील तर तोही याच प्रश्नाचा भाग समजा.

दवाखान्यातून घरी सोडलंय. आता कशावर लक्ष ठेवू?

पुन्हा उलट्या, जुलाबात रक्त, लघवी कमी होणं, डोळे किंवा कातडी पिवळी दिसणं, चक्कर, छातीत धडधड, जास्तीची झोप. यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवशीच्या तपासणीची वाट न बघता परत जा. एरंड किंवा गुंज चावली असेल तर यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या पुन्हा कधी करायच्या ते सुट्टी मिळतानाच विचारून लिहून घ्या. धोतऱ्यानंतर बाहुल्या पूर्ववत होईपर्यंत मुलाला ऊन खुपतं आणि जवळचं वाचता येत नाही. शाळेत तसं कळवा.